कॅबरनेवर फुंकर

“…पण पहिल्या घोटानंतर नेमकं काय म्हणायचं असतं, बाई?”

“आधी बस.”

“नको, उभीच बरी आहे मी.”

विचारणारी मिथिला. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., विद्यापीठात दुसरी. पहिली कोण आली होती, हे ती अजून न अडखळता सांगते. लेक नुकती वरणभातावर आलेली, आणि या घडीला पाळणाघरात.

नाशिकजवळच्या एका वायनरीत उद्या तिची परीक्षा होती. पाहुण्यांना लाल वाईन ओतून द्यायची, तिची ओळख करून द्यायची, आणि मालक मागे उभे राहून ऐकणार. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर सासूबाई एका शब्दाने बोलणार नव्हत्या, आणि त्याचीच तिला धास्ती होती.

ज्यांना विचारलं त्या इंदुमती बोरस्ते. याच वायनरीत वाईन करण्यात त्यांची हयात गेली. आता निवृत्त झाल्या होत्या, पण व्हरांड्यातली वेताची खुर्ची त्यांनी सोडली नव्हती. शिकायला आलेल्याला बाई फारसं काही शिकवत नाहीत, असा त्यांचा लौकिक होता.

बाईंनी विचारलं, पाठ काय केलंय?

मिथिला सुरू झाली. द्राक्षाचं नाव कॅबरने सॉव्हिन्याँ. मूळ गाव फ्रान्समधलं बोर्दो. आईबाप, कॅबरने फ्राँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ. मणी लहान, साल जाड, रंग गडद, पिकायला उशीर.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“स्थळ सांगतेयस का गं? घराणं झालं, गाव झालं, रंग झाला… मुलगा कसा आहे?”

मिथिलाने खालच्या आवाजात सांगितलं, की त्याला ब्लॅककरंटचा वास असतो.

“पाहिलंयस कधी ब्लॅककरंट?”

“…आइस्क्रीम खाल्लंय.”

बाईंनी गंभीरपणे मान डोलावली. दोन ग्लास घेतले, दोन्हींत थोडी थोडी वाईन ओतली, आणि एक तिच्यापुढे सरकवला.

मिथिलाने तो उचलला, ओठांपाशी नेला, आणि हलकेच फुंकर घातली.

…

दोघीही ग्लासकडे बघत राहिल्या.

“भाजेल का?” बाईंनी विचारलं.

सवय आहे, मिथिला म्हणाली. घरात फुंकर घातल्याशिवाय काही पुढे जातच नाही. वरण, खिमट, दूध… परवा तर श्रीखंडावर घातली. एवढं सांगून तिने जिभेचं टोक वाईनला लावलं, क्षणभर विचार केला, आणि ग्लास खाली ठेवला.

“जरा तुरट आहे. पण चालेल.”

“कुणाला?”



दिवसभर ती चवच तर बघायची. मीठ झालंय का, तिखट नाही ना, फार गरम नाही ना. बघायचं जिभेच्या टोकाने, आणि घास दुसऱ्याच्या तोंडात.

बाई म्हणाल्या, आता तोंडभर घे. गिळायची घाई नको.

तिने घेतली. गालांच्या आतून कुणीतरी दोरी ओढल्यासारखं झालं. तिला सालीतून येणाऱ्या तुरट टॅनिनबद्दल एक फार चांगलं वाक्य आठवलं. ते सांगायचं म्हणून तिने घाईने घोट गिळला, तर बाईंनी बोटानेच ग्लास दाखवला. पुन्हा घोट. पुन्हा वाक्य आठवलं. पुन्हा बोट.

तिसऱ्या खेपेला तोंड भरलेलं असतानाच फोन वाजला. पाळणाघर.

मिथिलाचे डोळे मोठे झाले. गिळावं तर बाई बघताहेत, न गिळावं तर बोलता येत नाही. बाईंनीच शांतपणे फोन उचलला. पलीकडचं ऐकलं.

“तिच्या तोंडात घास आहे,” बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, “सापडेल,” असं म्हणून फोन ठेवला.

मिथिलाने हातवाऱ्यांनी विचारलं. ताप? पडली? रडतेय?

“मोजा हरवलाय. एका पायातला.”

मिथिला मटकन शेजारच्या खुर्चीत बसली. घोट तोंडातच होता.

व्हरांड्यापलीकडे द्राक्षांच्या ओळी उन्हात उभ्या होत्या. कुणी काही मागत नव्हतं…

बऱ्याच वेळाने तिने गिळलं.

“जांभूळ,” ती म्हणाली.

बाईंनी आपल्या ग्लासातला एक घोट घेतला.

“मीठ लावलेलं. शाळेच्या फाटकापाशी मिळायचं, तसं. जीभ टाळूला चिकटायची.”

“मग?”

“मग एकमेकींना जिभा दाखवायच्या. जिची जास्त जांभळी, ती जिंकली.” तिने आपण होऊन आणखी एक घोट घेतला. “मघाशी हा मुलगा तोंड आवळून बसला होता, बाई. आता जरा बोलायला लागलाय.”

बाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “जीभ दाखव.”

मिथिलाने दाखवली. एम.एस्सी., विद्यापीठात दुसरी.

बाईंनीही आपली दाखवली. बराच वेळ कोण जिंकलं ते ठरेना.

मग उद्याची आठवण झाली, आणि मिथिलाचा चेहरा पुन्हा उतरला. पाहुणे कुठकुठचे येणार. त्यांना जांभळाचं सांगितलं तर मालक काय म्हणतील? आणि ज्यांनी जांभूळ कधी खाल्लंच नसेल, त्यांचं काय? ब्लॅककरंट नाही, जांभूळ नाही…

“मग त्यांना सांगू तरी काय, बाई?”

बाईंनी आपला ग्लास उचलला. त्यावर सावकाश फुंकर घातली.

“आधी बसा म्हणावं.”