कोरी चिठ्ठी

सरांनी नाव दिलेली पुडी पुन्हा उघडायची नाही. का, हे विचारायचं नाही.

दगडफुलांच्या त्या प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे बजावलं जाई. भिंतभर लाकडी कपाटं, कपाटांत कागदाच्या पुड्या, पुडीत सालीसकट काढलेलं एखादं दगडफूल आणि वर डिग्रजकर सरांच्या वळणदार अक्षरात त्याच्या जातीचं नाव.

"ही कोणी उघडली?"

सर टेबलाशी उभे होते. समोर आंबोलीच्या जंगलातून आणलेली एक पुडी, तोंड सताड उघडं.

"मी," शाल्मली म्हणाली.

खिडकीपाशी तात्या पेपर वाचत होते. तात्या म्हणजे सरांचे सर. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी दर गुरुवारी येऊन त्याच खुर्चीत बसायचे. आता पेपरचं पान उलटत नव्हतं.

"मी तुला काय विचारलं होतं? स्कॉटलंड की पीएचडी, संध्याकाळपर्यंत सांग. आणि तू हे काय करून बसलीस?"

"त्याचंच उत्तर शोधत होते."

"पुडीत?"

"हो."

सरांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला की आधी चष्मा उतरायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

"अगं, चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएचडी मिळतेय तुला! प्रवेशपरीक्षा पास झालीस. माझ्याकडे एकच जागा आहे, ती तुझ्यासाठी अडवून ठेवलीय. आणि तुला आधी परदेशात जाऊन मास्टर्स करायचंय. कशाला? तिथे असं काय आहे, जे मी देऊ शकत नाही?"

शाल्मलीनं ब्लेड उचललं. दगडफुलाची करडी कड खरवडून आतला पांढरा गर मोकळा केला आणि ड्रॉपरनं त्यावर जात ओळखण्यासाठी वापरतात त्या पोटॅशच्या द्रावणाचा एक थेंब सोडला.

"तुम्ही दिलेलं नाव खरं असेल, तर हे आधी पिवळं होईल आणि मग लाल," ती म्हणाली.

थेंब पिवळा झाला.

तिघंही बघत राहिले...

पिवळाच राहिला.

"पोटॅश शिळं असेल," सर म्हणाले.

तिनं त्याच नावाची दुसरी पुडी पुढे ओढली. त्याच बाटलीतला थेंब. तो पिवळा झाला आणि बघता बघता रक्तासारखा लाल.

"म्हणजे हीसुद्धा उघडलीस?"

"दोन झाल्या, डिग्रजकर," तात्या पेपराआडून म्हणाले. "आता कपाटांना कुलपं घाल."

सर हसले नाहीत.

"मग ही कोणती जात? सांग."

"माहीत नाही."

"माहीत नाही, आणि माझं नाव खोडायला निघालीस!"

"खोडत नाहीये, सर. पण हे नाव मी पाठ केलं. परीक्षेत लिहिलं. ज्युनिअर मुलांना शिकवलं. आणि दगडफूल मात्र एकदाही नीट पाहिलं नाही."

सर खाली वाकले. डोळ्याला भिंग लावलं.

मान वर केली तेव्हा त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. डोळ्यांत वेगळंच काहीतरी चमकत होतं.

"शाल्मली... ही नवीन जात असू शकते."

त्यांनी खणातून एक कोरी चिठ्ठी काढली. जुनं नाव पटलं नाही, तर ते फाडायचं नसतं. त्याच्या शेजारी आपली चिठ्ठी लावायची, खाली सही करायची, अशी सगळीकडची रीत. या खोलीत मात्र तशी चिठ्ठी कोणी कधी लावली नव्हती.

"लिही. नाव मी सांगतो, सही तुझी. हाच तुझा पीएचडीचा विषय. आजच नोंदवून टाकू."

अशा विषयासाठी लोक जन्मभर वाट बघतात. तिनं पेनचं टोपण काढलं.

"आणि ते नाव बरोबर आहे, हे कोण ठरवणार?"

"मी आहे ना."

तिनं टोपण परत लावलं.

"नाही, सर."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"इथे राहिले, तर तुम्हाला दिसतं तेच मला दिसेल. आधी अशा लोकांत जाऊन बसते, ज्यांनी तुमचं नावही ऐकलेलं नाही. बघायला शिकते. पीएचडी त्यानंतर."

"गेलीस, तर हे दार बंद. ही पुडी उद्या दुसऱ्याच्या हातात जाईल. परत येऊन रडायचं नाही."

तिनं पेन टेबलावर ठेवलं. "द्या दुसऱ्याला," ती म्हणाली.

तात्यांनी पेपर खाली ठेवला.

"पोरी, गुरूचा शब्द असा मोडू नये. या डिग्रजकरनं माझा एक शब्द कधी मोडला नाही. विचार त्याला."

शाल्मली वळली. आधी तात्यांकडे बघितलं, मग उघड्या पुडीकडे.

"तात्या, सरांना हे नाव कोणी सांगितलं होतं?"

...

डिग्रजकर सरांनी हळूच तात्यांकडे पाहिलं. तात्यांचा हात पेपरकडे गेला आणि मधेच थांबला.

शाल्मलीनं कोरी चिठ्ठी उचलली आणि सरांच्या अक्षराशेजारी ठेवली.

"ही अशीच राहू द्या," ती म्हणाली. "कोणी सांगितलं म्हणून नाही, स्वतः बघून ज्याला कळेल, त्यानं नाव लिहावं."