जुमाचं पाऊल

आडवेळ गावात शिमग्याचा नाच ढोलाने सुरू होत नाही. पाणजाईची पालखी देवळातून निघते आणि गावाच्या वरच्या अंगाला, उघड्या कातळावर बांधलेल्या चौथऱ्यावर येऊन बसते. या जागेला सहाण म्हणतात. गुरव ढोल गळ्यात अडकवून पालखीसमोर उभा राहतो, पण त्याचे हात पाठीमागे असतात. नाचणारे अनवाणी रिंगण धरतात आणि नुसत्या टाचांनी कातळ वाजवू लागतात. गुडघे वाकलेले, कंबर खाली, डावी टाच जड. गावच्या बाकीच्या नाचाशी या पावलाचा काही मेळ नाही. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, वाजवणारा रुसला असावा.

विश्राम गुरव आता सत्तरीच्या पुढे आहेत. पाहुणा आला की ते त्याला आधी चपला काढायला लावतात, कातळावर बसवतात आणि मग सांगतात. त्यांना हे त्यांच्या आजाने सांगितलं, आजाला त्याच्या आजाने.

शिडाच्या गलबतांचा काळ होता. गावात गोमा नावाचा गुरव होता. देवीची पूजा आणि देवीचा ढोल, दोन्ही त्याच्या घरात. एका अंगाला काठी, दुसऱ्या अंगाला हाताची थाप; गोमाने थाप दिली की बारा गावांतले ढोलकरी आपापले ढोल खाली ठेवत, असं सांगतात. गोमालाही ते ठाऊक होतं. माणूस मनाचा मऊ, पण ढोलाच्या बाबतीत गर्विष्ठ.

एका भादव्यात खाडीच्या मुखाशी एक गलबत खडकावर फुटलं. दुसऱ्या दिवशी गोमा आणि त्याची बायको सावू ओहोटीला कालवं काढायला गेली, तेव्हा कपारीत त्यांना एक माणूस दिसला. काळाभोर, उंच, अंगावर मीठ वाळलेलं. डाव्या पायात लोखंडी कडं होतं आणि त्याखालचं मांस सोललेलं होतं. सावूने त्याच्या तोंडाला नारळाचं पाणी लावलं. ते गलबत हबशाणातून, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, माणसं भरून आणत होतं, विकायला; हे गावाला मागाहून कळलं. त्यातला हा एकटा वाचला होता.

शुद्धीवर आल्यावर त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जुमा." तेवढं एकच गावाला समजलं.

गावचा कारभार बघणारा गावकर होता बाळोजी, शहाणा आणि सावध. तो म्हणाला, "ठेवा त्याला. पाण्यानं दिलेलं माणूस पाण्यात ढकलायचं नाय. पण दहा तोंडांत जाऊ देऊ नका. ज्याचं गलबत फुटलं, तो हिशेब इसरत नसतो." लोहाराने कडं कापलं. गोमाने जुमाला आपल्या गोठ्याशेजारच्या खोपीत ठेवलं.

जुमा दोन महिने बोलला नाही. मग एके सकाळी गोमा ढोलाच्या दोऱ्या ताणून बघत होता. दोन ठोके दिले आणि गाठ सैल वाटली म्हणून हात थांबवला. त्या मोकळ्या जागेत खोपीच्या दारातून टाच आपटल्याचा आवाज आला. बरोबर जिथे यायला हवा तिथे. गोमाने मान वर केली. त्याने पुन्हा दोन ठोके दिले, जागा सोडली. टाच पडली. मग गोमाने तीन ठोके दिले, आणि जुमा हसला. सावू म्हणाली, हा माणूस हसतो हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढे त्या दोघांचं बोलणं तसंच झालं. गोमा वाजवायचा, जुमा नाचायचा. त्याचं नाचणं इथल्यासारखं नव्हतं. इथे माणूस नाचताना उंच होतो. जुमा जमिनीकडे झुकायचा, गुडघे वाकवून, खांदे हलवत, खाली कुणी झोपलं असावं आणि त्याला उठवायचं असावं तसा. गोमाला आधी ते ओबडधोबड वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण आजवर ठोके मोजत आलो, हा माणूस ठोक्यांमधली जागा नाचतो आहे. बारा गावांत कुणी शिकवलं नसतं ते त्याला या परक्या माणसाने शिकवलं. गोमाचा हात त्या हिवाळ्यात पालटला, असं म्हणतात.

गावची पोरंटोरं ते पाऊल शिकली, मग मोठी माणसं शिकली. शिमगा जवळ आला तेव्हा वाद झाला. देवीच्या सहाणेवर परक्याचं पाऊल चालेल काय? कौल लावला. पाणजाईने उजवं फूल दिलं. बाळोजीच्या मनातली भीती मात्र गेली नाही. तो गोमाच्या दारात आला.

"देवी हो म्हणाली, ती देवी हाय. तिला कोण धरून नेणार? गोमा, त्याला घरच्या आंगणात नाचव. सहाणेवर सात गावची माणसं येतात."

"येऊ देत की," गोमा म्हणाला. "एकदा बघू देत."

यात जुमाच्या भल्यापेक्षा गोमाचा डौल जास्त होता. विश्राम हे सांगताना आवाज खाली आणतात. आपल्याच मूळपुरुषाबद्दल बोलायचं असतं.

जुमा नाचला. सात गावांनी पाहिलं. पालखी तशी कधी नाचली नव्हती. लोक घरोघरी जाऊन सांगत सुटले, आणि सांगता सांगता ती गोष्ट किनाऱ्याने चालत पाण्यातल्या किल्ल्यापर्यंत गेली. फुटलेल्या गलबताचा धनी तिथेच बसला होता.

चैत्रात कोळ्यांनी खबर आणली की किल्ल्याची माणसं गावोगाव विचारत फिरत आहेत. जुमाला डोंगरातल्या घळीत नेऊन ठेवलं. वर जाताना गोमाने त्याच्या हातावर बोटांनी वाजवून दाखवलं. दोन ठोके, मोकळी जागा, तीन ठोके. हे ऐकलंस तर भय नाही, खाली ये. दुसरं काही ऐकलंस तर येऊ नको. जुमाने मान हलवली. आठ दिवसांनी गोमाने तो ताल वाजवला, जुमा उतरला, सावूच्या हातची पेज पिऊन पुन्हा वर गेला. युक्ती जमली म्हणून सगळे खूश होते.

वैशाखात किल्ल्याची माणसं आली, ती गावात शिरलीच नाहीत. खाडीच्या मुखाशी जाळी टाकायला गेलेली आडवेळची अकरा माणसं त्यांनी होड्यांसकट धरली. त्यांत बाळोजीचे दोघे मुलगे होते. गोमाचा धाकटा भाऊ लखू होता. अकराही जणांना बांधून भर उन्हात होडीत बसवलं, किनाऱ्यावरून दिसतील असे, आणि निरोप पाठवला: दिवस बुडायच्या आत हबशी आणून द्या, नाहीतर त्याच्या जागी हे अकरा जातील.

डोंगर दाट होता. घळी शेकडो, आणि जुमा रोज जागा बदलत असे. शोधायला गेलं तर जुमा निसटला असता. पण तो आपण होऊन उतरेल असा एकच आवाज होता.

सगळं गाव सहाणेवर जमलं. होडीतल्यांच्या बायका कातळावर बसून होत्या. त्यांतली एकही रडली नाही, आणि गोमाला तेच सोसवेना. शेवटी बाळोजी उठला. देवळात गेला, ढोल उचलला आणि आणून गोमाच्या गळ्यात घातला.

सावू पुढे आली. "अवो, तो ताल न्हवं, ती आपली जबान हाय. त्याला दिल्याली."

"लखू होडीत हाय," गोमा म्हणाला.

"मला दिसत नाय काय?" ती म्हणाली, आणि घराकडे वळली. तिने दार लावून घेतलं.

गोमाने आधी पालखीचा ताल वाजवला. मग आरतीचा. मग लग्नातला. गावाच्या उलट निरोपावरून किल्ल्याची माणसं झाडीआड येऊन बसली होती; कुठला ताल कशाचा, हे त्यांना काय कळणार? त्याला वाटत होतं, वाजवत राहावं, तोवर काहीतरी होईल. वारा फिरेल, देवी उठेल. ऊन पिवळं झालं. होडीतून कुणीतरी हाक मारली. लखूचाच आवाज होता, असं त्याला वाटलं.

मग त्याने तो ताल वाजवला. दोन ठोके, मोकळी जागा, तीन ठोके.

डोंगरातून उत्तर आलं. त्या मोकळ्या जागेत टाच पडली, लांब, मग जवळ, मग अजून जवळ. जुमा नाचतच उतरत होता. त्याच्या ओंजळीत करवंदं होती, सावूसाठी आणली असावीत. तो कातळावर आला आणि चारी बाजूंनी माणसं उठली. जुमाने गोमाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. हातांकडे पाहिलं. ते हात अजून ढोलावरच होते.

अकरा माणसं किनाऱ्याला उतरवली आणि एक नेला. होडी खाडीच्या मुखाबाहेर पडेपर्यंत तिच्या फळीवर टाच वाजत होती, म्हणे. दोन ठोक्यांइतकी वाट बघून एक. गोमा ढोल घेऊन उभा होता. त्याने तिला साथ दिली नाही.

त्या संध्याकाळी सुटून आलेल्यांच्या घरांत चूल पेटली, पण घास कुणाच्या घशाखाली उतरला नाही, असं गाव सांगतं. विश्राम म्हणतात, ते खरं नसावं. जेवले असतील. दिवसभर उन्हात बांधलेल्या माणसाला भूक लागतेच.

पावसाळा संपेपर्यंत गावाने एक गोष्ट तयार केली होती. किल्ल्याच्या माणसांनी डोंगर पिंजून काढला आणि जुमाला धरला, बिचारा. कोण आधी बोललं ठाऊक नाही, पण सगळ्यांनी ती उचलली. गोमासमोरही तीच बोलत. त्याला बरं वाटावं म्हणून बोलत असतील. लखू मात्र भावाच्या घरी यायचा बंद झाला. सावू नवऱ्याला वेळेवर वाढायची, त्याच्या पलीकडे तिचं त्याच्याशी बोलणं उरलं नव्हतं.

पुढचा शिमगा आला. पालखी सहाणेवर आली, गोमाने काठी उचलली, थाप दिली, आणि खांदेकरी जागचे हलले नाहीत. पालखी जड झाली होती. चार जणांनी लावले खांदे, मग आठांनी. पालखी जड झाली होती की माणसांचेच पाय उचलत नव्हते, हे पाणजाई जाणे. कौल लावला तर फूल ना उजवं पडे, ना डावं. बाळोजी हात जोडून म्हणाला, "आई, चुकलंमाकलं पोटात घाल."

"चुकलंमाकलं न्हवं," गोमा मागून म्हणाला.

त्याने हात पाठीमागे घेतले. सात गावांसमोर, मोठ्याने म्हणाला, "त्याला कुणी शोधून काढला नाय. मी वाजवलं, म्हणून तो उतरला."

कुणीतरी त्याला गप्प बसवायला पुढे झालं. सावूने त्या माणसाचा हात धरला. गोमाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग त्याने गुडघे वाकवले आणि डावी टाच कातळावर आपटली. जन्मभर वाजवलेला माणूस, त्याला नाचता कुठे येत होतं? तोल जात होता, ढोल गुडघ्यांवर आदळत होता. पण पाऊल जुमाचं होतं, सगळ्यांनी ओळखलं. लखू उठला आणि भावाच्या शेजारी टाच देऊ लागला. मग उरलेले दहा. मग बाळोजी, म्हातारा, काठी टाकून. बराच वेळ कातळावर दुसरा आवाज नव्हता. असं सांगतात, की त्यानंतर पालखी उचलली गेली. हलकी झाली नव्हती, पण उचलली गेली.

तेव्हापासून ती रीत पडली. गुरव हात पाठीमागे घेतो, ते वाक्य म्हणतो, टाचांचा नाच होतो, आणि त्यानंतरच ढोलाला हात लागतो. आसपासच्या गावांनीही ते पाऊल उचललं. तिथे ते ढोलावर नाचतात, हसत, आणि स्पर्धेत त्याला टाळ्या पडतात. पाऊल कुठून आलं ते पायाला ठाऊक नसतं, विश्राम म्हणतात, आणि त्यांना त्याचा राग नाही.

काही वर्षांपूर्वी तालुक्याला लोकनृत्यांचा मेळा होता. त्यात कर्नाटकातल्या यल्लापूरकडच्या जंगलातून सिद्दी बायकांचा एक मेळ आला होता. त्यांचे पूर्वजही असेच कधी आफ्रिकेतून आणलेले. त्यांचा डमाम वाजू लागला, बायका गुडघ्यांत वाकल्या, आणि विश्राम खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनी त्या बायकांना शिमग्याला बोलावलं. मेळातल्या सगळ्यात वडील रोजीबाय पालखीसमोर बसल्या. विश्रामनी हात पाठीमागे घेतले, वाक्य म्हटलं, रिंगण नाचलं. रोजीबाय टक लावून पायांकडे बघत होत्या.

नाच संपल्यावर त्यांनी सगळी हकिगत विचारून घेतली. त्यांची कोंकणी मिसळलेली मराठी गावाला समजत होती.

"टाच आमचीच," त्या म्हणाल्या. "खांदे तुमी हरवलेत." मग त्यांनी विचारलं, "आनी ते अकरा जण सुटले ना? मागीर तेला शोधूंक कोण गेलो?"

आजाने सांगितलेलं सगळं विश्रामनी मनात चाळून पाहिलं. गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. इतक्या पिढ्या ही गोष्ट सांगत होत्या, रडत होत्या, हात पाठीमागे घेत होत्या. हे कुणीच विचारलं नव्हतं.

रोजीबाय रागावल्या नाहीत. त्या उठल्या, कातळावर गेल्या आणि गावच्या बायांना खांदे कसे हलवायचे ते दाखवू लागल्या.

आडवेळचा शिमगा आजही टाचांनीच सुरू होतो. गुरवाचे हात पाठीमागे असतात. फक्त आता तो दोन वाक्यं म्हणतो. "मी वाजवलं, म्हणून तो उतरला. आणि त्याला शोधायला आमच्यातलं कुणी गेलं नाय."