कणगराचे बेणे

बेणे म्हणजे पुन्हा लावण्यासाठी राखून ठेवलेला कंद. त्याला बी म्हटल्याने अर्थ पुरा होत नाही. बेणे हे अन्नच असते, आणि भुकेल्या माणसाने ते न खाता जपायचे असते.

पूर्वी शूर्पारक बंदरी देवमित्र राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व समुद्रव्यापाऱ्याच्या कुळात जन्मले. त्यांचे नाव भद्रसेन. तेथून दोन दिवसांच्या प्रवासावर शिरीषद्वीप होते. त्या बेटावर एके काळी कणगराचे कंद आणि वरी पिके. भद्रसेनांच्या आजोबांनी तिथे तांदूळ नेण्यास आरंभ केला, तेव्हा लोकांनी शेते मोडून पोफळी लावल्या. सुपारी द्यावी आणि तांदूळ घ्यावा, असे चालू लागले. तो पुरत नसे, म्हणून मुली पोटभर अन्नासाठी पैलतीरी सासरी दिल्या जाऊ लागल्या.

एका वर्षी वादळांमुळे भद्रसेनांचे तांदळाचे तारू चार महिने उशिरा पोहोचले. तोवर लोकांनी उरलेसुरले बेणेही उकडून खाल्ले होते. काय आणू, असे भद्रसेनांनी विचारताच रेवती नावाची वृद्धा म्हणाली, "माझ्या लेकीला, माधवीला आण, बाबा. सासरी जाऊन आठ वर्षे झाली."

शेजारीण म्हणाली, "आली तर पानात काय वाढशील? सुपारी?"

रेवती भद्रसेनांकडे वळली. मग तिने सांगितले की, बेटावरची मुलगी सासरी निघाली की आई तिच्या ओटीत कणगराचे बेणे घालते. "ते मागून आण. आधी वाढण्याजोगे पिकू दे, मग तिला बोलावीन."

परतताना तारू हाकणारा सोमिल तांडेल म्हणाला, "श्रेष्ठी, बेणे पोहोचवलेत तर पुढे आपला तांदूळ कोण घेईल?"

"कोणी घेऊ नये," भद्रसेन म्हणाले.

ते किनाऱ्यावरच्या गावोगावी, लेकीबाळींच्या दारी फिरले. माधवीच्या कुंपणावर कणगराचा वेल होता. दरवर्षी ती कंद खणी आणि एकही न खाता पुन्हा लावी. तिने सगळे कंद काढून दिले. एक तरी ठेव, असे भद्रसेनांनी सुचवले.

"नको," ती म्हणाली. "समोर असला की बेट दिसत राहते."

पीक हाती येईपर्यंत पुरेल इतका तांदूळ भद्रसेनांनी बेण्याबरोबर नेला आणि मोबदला घेतला नाही. मार्गशीर्षात घरोघरी कंद शिजले. त्यानंतर बेटाने तांदूळ मागितला नाही.

कथा संपवून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा सोमिल हा आजचा आनंद, रेवती ही गौतमी, आणि भद्रसेन मीच होतो. घेणाऱ्याला पुन्हा मागावे लागू नये असे देणे, ही दानपारमिता."

हल्ली सांगणारे माधवीला त्याच तारवातून माहेरी आणतात. ते चूक आहे. पीक आल्यावर रेवतीने निरोप धाडला, पण माधवीची मुले पैलतीराची झाली होती. ती आली नाही. भद्रसेनांच्या तारवाला बेटावर काही काम उरले नव्हते. तरीही रेवती होती तोवर ते वर्षातून एकदा तिथे जात, तिच्या लेकीचे कुशल सांगण्यासाठी.