सातव्या बेटावरची गोमाई

आगबोटी या किनाऱ्याला लागायच्याही फार आधीची ही गोष्ट आहे. आमच्या खारवणे गावाच्या समोर समुद्रात सात बेटं आहेत. किनाऱ्यावरून सहा दिसतात. सातवं दिसत नाही, तिथवर जायला होडीनं अर्धा दिवस लागतो. पहिल्या सहा बेटांवर विहिरी होत्या, माड होते, दोन बेटांवर घरंही होती. सातव्यावर नुसता काळा कातळ आणि पक्षी. पण वारा फिरला की साऱ्या गावाच्या होड्या त्याच्याच आडोशाला जाऊन थांबत, कारण तिथून पुढे जमीन अशी नव्हतीच.

त्या गावात भिवा तांडेल नावाचा नाखवा होता. गोमाई त्याची बायको. गोमाईचा बाप पाणाड्या होता. जमिनीला कान लावून तो खालचं पाणी सांगायचा, आणि त्यानं सांगितलेल्या जागी पाणी लागलं नाही असं कधी झालं नाही म्हणतात. लहानपणी गोमाई त्याच्या मागून हिंडली होती. लग्नानंतर मात्र ती मासे सुकवणं आणि जाळी विणणं यातच पडली.

एका फाल्गुनात भिवाची होडी सातव्या बेटाच्या खडकावर फुटली. माणूस पोहून वर चढला, त्याला साधं खरचटलंही नव्हतं. पण सहा दिवस वारा असा राहिला की किनाऱ्यावरून एकही होडी सुटू शकली नाही. सातव्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ गुणाजी तिथे पोचला, तेव्हा भिवा कातळाला पाठ लावून बसलेला होता आणि त्याच्यात जीव नव्हता. भोवती सगळं पाणीच पाणी, आणि माणूस तहानेनं गेला. गोमाई खूप रडली.

पुढचा पावसाळा संपल्यावर टोपीकर गोऱ्यांचं एक जहाज आलं. त्यांच्या कप्तानानं सातव्या बेटावर एक लाकडी खांब रोवला, त्याला आपलं निशाण बांधलं आणि सांगितलं की हे बेट कुणाचंच नाही, म्हणून आता ते आमचं. गावाच्या होड्या आडोशाला गेल्या तर त्यानं त्या हाकलून दिल्या. गाव किल्ल्यावरच्या सुभेदाराकडे गेलं. सुभेदार शहाणा माणूस होता. एका खडकासाठी लढाई त्याला नको होती, आणि बेट सोडायचंही नव्हतं. कप्तानाशी बरंच बोलणं झाल्यावर दोघांत एक करार झाला. भर वैशाखात, आकाशातून थेंबही पडत नाही तेव्हा, ज्याची चूल बेटावरच्या पाण्यावर पेटते, त्याचं बेट. कप्तान हसत कबूल झाला. त्या कातळात पाणी नाही हे त्याला ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं.

गोमाईनं करार ऐकला, पहार घेतली, छिन्नी-हातोडा घेतला आणि कार्तिकात गुणाजीला म्हणाली की मला सातव्यावर सोड. तो नको नको म्हणत होता, पण वहिनीपुढे त्याचं चाललं नाही. दर आठ दिवसांनी पाण्याचे दोन हंडे आणि तांदूळ आणून द्यायचे, एवढं त्यानं कबूल केलं.

महिनाभर तिनं खणलंच नाही. ती नुसती बेटभर फिरायची आणि कातळाला कान लावून पडायची. तिच्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून पक्षी थव्यानं पंख पसरून उभे राहत, असं म्हणतात. मार्गशीर्षात तिला एक भेग सापडली. सगळा कातळ कोरडा ठणठणीत, पण त्या भेगेतलं शेवाळ ओलं होतं. तिथे तिनं पहार घातली.

ती रोज बोटभर खाली जायची. हाताला फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. माघात ती खड्ड्यात उभी राहिली तर बाहेरून फक्त तिचं डोकं दिसायचं, आणि फाल्गुनात तेही दिसेना. चैत्रात पाणी लागलं. तिनं ओंजळ भरून तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. पाणी खारट होतं.

त्या दिवशी गुणाजी हंडे घेऊन आला तेव्हा ती खड्ड्याच्या काठावर बसलेली होती. त्यानंही पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं. मग म्हणाला, "वयनी, घराक चला. दादा गेलो, आता तुमी तरी ऱ्हवा."

गोमाई म्हणाली, "तुझो दादा हय सहा दिस बसलो. पाणी त्याच्या पायाखालीच होता रे, गुणाजी. माका ऐकू येता ता."

तो एकटाच परत गेला. गोमाई पुन्हा खड्ड्यात उतरली आणि भिंतीला हात लावत लावत फिरली. पश्चिमेच्या अंगाला तीन फटी होत्या, त्यांतून येणारं पाणी कोमट होतं. पूर्वेच्या फटीतून बारीकशी धार येत होती, आणि ती गार होती. तिनं ती धार जिभेवर घेतली. मग काय करायचं ते तिला कळलं. ती नाखव्याची बायको होती. होडीच्या फळ्यांमधल्या फटी कशा बुजवतात हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

पुढच्या खेपेला तिनं गुणाजीकडून कापूस, राळ आणि तेल मागवलं. गावात एवढा कापूस कुठला? पण ती मागतेय म्हटल्यावर बायकांनी आपल्या घरातल्या गाद्या-उशा उसवल्या. तो सगळा कापूस राळेत भिजवून गोमाईनं पश्चिमेच्या तिन्ही फटींत ठोकून बसवला. होडीत समुद्र शिरू नये म्हणून करतात, तसंच तिनं बेटाला केलं. मग उरलेलं खारं पाणी उपसायला घेतलं. तीन दिवस ती उपसत होती. चौथ्या दिवशी तळाशी जे साचलं, ते शहाळ्यासारखं गोड होतं.

वैशाखात ठरल्या दिवशी कप्तान आला आणि सुभेदारही आला. गावातली झाडून सारी माणसं होड्या घेऊन आली. विहिरीजवळ चूल पेटलेली होती आणि तिच्यावर पेज रटरटत होती. कप्तानानं दुभाष्याकडून सांगितलं की हे पाणी हंड्यांनी आणून ओतलेलं आहे. लोक चिडले. गोमाई शांतपणे म्हणाली, "तुमच्याच माणसांनी विहीर उपसा. आणि भरती होयसर हयच बसा."

कप्तानाच्या खलाशांनी विहीर उपसून तळ कोरडा केला. मग सगळे बसून राहिले. ओहोटी संपली, भरती लागली. समुद्र कातळावर जसजसा चढू लागला, तसतसं विहिरीतलं पाणीही चढू लागलं. भरतीबरोबर चढणारं पाणी खारंच असणार असं गावातल्या प्रत्येकाला वाटलं. कप्तानानं स्वतः पोहरा टाकला आणि प्यायला. थोडा थांबला आणि पुन्हा प्यायला. मग त्यानं माणसांना खूण केली आणि खांब उपटायला लावला. खलाशी तो जहाजावर नेऊ लागले, तेव्हा गोमाईनं तो मागून घेतला. विहिरीवर आडवा टाकायला तिला लाकूड हवंच होतं.

सुभेदारानं कागदावर सात बेटं लिहून घेतली आणि तिला किनाऱ्यावर जमीन देऊ केली. तिनं ती घेतली नाही. ती बेटावरच राहिली. पुढे कितीतरी वर्षं वादळात सापडलेल्या होड्या तिथे लागत आणि ती त्यांना पाणी द्यायची, पेज द्यायची. तिला म्हातारी झालेली पाहिलेले लोक होते. मेलेली कुणीच पाहिली नाही. एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतर पहिली होडी तिथे गेली तेव्हा चुलीतली राख ऊन होती, पोहरा ओला होता आणि गोमाई नव्हती. ती विहिरीत उतरली आणि धारेबरोबर कातळातच राहिली, असं म्हणतात.

तेव्हापासून दर वैशाखात खारवण्यातलं एकेक घर पाळीनं सातव्यावर जाऊन महिनाभर राहतं आणि त्याच विहिरीच्या पाण्यावर चूल पेटवतं. ही पाळी आजवर कुणी चुकवलेली नाही. एका वर्षी नवरानवरी हळदीच्या अंगानं गेली होती.

आणि शिरगणतीला सरकारी माणसं येतात, तेव्हा एकेक बेटाचं नाव घेऊन तिथली वस्ती विचारतात. सातव्याची वस्ती गाव सांगतं, एक. नाव गोमाई भिवा तांडेल. धंदा विचारला तर सांगतात, पाणी देणं. वय विचारलं की गावातलं कुणी म्हातारं माणूस उठतं आणि म्हणतं, "ता तुमी तिकाच इचारा. होडी तयार असा."