चौकोनी मासोळी

बाबांच्या लॅपटॉपात एक मासोळी राहायची. जुईने काढलेली. जुई एवढीशी, मासोळी त्याहून एवढीशी. रंग केशरी. पाठ गोल. दिवसभर पोहायची. सुळ सुळ, सुळ सुळ.

एका दुपारी काय झालं, मासोळीचा रंग गेला. केशरी होती, करडी झाली. गोल होती, चौकोनी झाली. पोहायला गेली तर खुट. पुन्हा गेली तर खुट खुट.

लॅपटॉपात एक ड्रायव्हरकाका असतात. ते बस चालवत नाहीत. ते चित्रं चालवतात. सगळे रंग त्यांच्याकडे असतात.

मासोळी गेली काकांकडे. खुट खुट, खुट खुट.

"काका काका, उठा ना. माझा रंग द्या ना."

"मी नाही उठणार," काका म्हणाले. "मला झोपच मिळत नाही. बाबा नुसतं झाकण लावतात, आत पंखा घरघरतो. आधी पंख्याला थांबव. मग मी झोपेन. मग उठेन. मग रंग देईन."

मासोळी गेली पंख्याकडे. खुट खुट, खुट खुट.

"काका उठेनात,
रंग मिळेना.
पंखेदादा, थांब ना."

"मी नाही थांबणार," पंखा म्हणाला. घर्र घर्र. "बॅटरीमावशी तापलीय. वारा घालून घालून पाती दुखली माझी. आधी मावशीला निवव."

मासोळी गेली मावशीकडे. खुट खुट, खुट खुट.

"पंखा थांबेना,
काका उठेनात,
रंग मिळेना.
मावशी मावशी, निव ना."

"मी नाही निवणार," मावशी म्हणाली. हाश्श हुश्श. "बाबा मला निवू देतात का? टक टक, टक टक. सारखं आपलं बटण दाबायचं. आधी बाबांना थांबव."

मासोळी आता दमली होती. तरी गेली. वर वर, पार काचेपाशी. खुट खुट, खुट... खुट.

काचेबाहेर बाबा बसले होते. केस विस्कटलेले, चहा गार झालेला.

आता पुन्हा सगळं म्हणायचं? म्हणायचंच.

"मावशी निवेना,
पंखा थांबेना,
काका उठेनात,
रंग मिळेना.
बाबा बाबा, थांबा ना."

"मी नाही थांबणार," बाबा म्हणाले. "ड्रायव्हर सुरूच होत नाही गं. मी दाबतो, तो सुरू होत नाही. मी परत दाबतो. काय करू? जुई रडतेय. आधी जुईला गप्प कर."

जुई बाबांच्या मांडीवरच होती. भोकाड पसरून बसली होती. भ्यॅं भ्यॅं.

मासोळी वळली जुईकडे. खुट... खुट.

"बाबा ऐकेनात,
मावशी निवेना,
पंखा थांबेना,
काका उठेनात,
रंग मिळेना.
जुई जुई, गप्प हो ना."

"मी नाही गप्प होणार," जुई म्हणाली. "माझी मासोळी चौकोनी झाली. आधी मासोळीला गोल कर."

"अगं, ती मासोळी म्हणजे मीच."

"मग हो की गोल."

झालं. आता जायचं कुणाकडे? पुढे कुणीच नव्हतं. मासोळी काचेला टेकून बसली. तिला फार वाईट वाटलं.

मग ती म्हणाली, "जुई, मी दमले. मी झोपते."

जुईने नाक पुसलं. "आणि रंग?"

"रंग नंतर."

"आणि तू चौकोनीच राहिलीस तर?"

"तर चौकोनी झोपेन. तूही झोप. रडून रडून दमलीस."

जुई खरंच दमली होती. तिने एक जांभई दिली. आऽऽ. बाबांच्या पोटावर डोकं ठेवलं.

जुई गप्प झाली.

जुई गप्प झाली, तशी बाबांची टकटक थांबली. बाबांनी लॅपटॉप बंद केला. नुसतं झाकण लावलं नाही. अगदी पुरता बंद केला.

बाबा थांबले, तशी मावशी निवली. हुश्श.

मावशी निवली, तसा पंखा थांबला. घर्र... घर... घ.

पंखा थांबला, तसे काका झोपले. किती दिवसांनी झोपले.

आणि आत, अंधारात, मासोळी झोपली. चौकोनी.

ऊन कलल्यावर जुईला जाग आली. तिने झाकण उघडलं, बोट पुढे केलं आणि बटण दाबलं. टिंग.

काका पटकन उठले. आळस दिला. डोळे चोळले. "कोण आलंय? मासोळी का? ये बाळा. हा घे केशरी. ही घे गोल पाठ. आणि ही शेपटी, हलवून बघ बरं."

मासोळीने शेपटी हलवली. खुट झालं नाही. सुळ झालं.

सुळ सुळ, सुळ सुळ, सुळसुळसुळ.

"बा..." जुई ओरडणार होती.

"शूऽऽ," मासोळी म्हणाली.

बाबा खुर्चीतच झोपले होते. तोंड उघडं. चष्मा नाकावर. जुईने चष्मा हळूच काढून ठेवला.

मग दोघी खेळल्या. एक काचेच्या आत, एक काचेच्या बाहेर. आवाज न करता.

बाबांना अजून कुणी उठवलेलं नाही. तुम्हीही उठवू नका.