घाण्याचा बैल अन् इनामदाराचा वेग

दाजीबा इनामदार शहरात चार बुकं शिकून आला, अन् सगुणा तेलणीच्या बैलावर त्याचा डोळा गेला. म्हणाला, "सगुणे, तुझा बैल दिवसभर घाण्याभोवती चालतो अन् निघाला तिथंच थांबतो. अंतर पुष्कळ, पण जागा तीच. जागा बदलली नाही, की शास्त्रात सरासरी वेग शून्य. उद्यापासून माझ्या छकड्याला जुंपतो, म्हणजे कुठंतरी जाईल."

सगुणाचं पोट त्या बैलावर. तिनं पेंड चुरता चुरता विचारलं, "धनी, तुमचा छकडा सकाळी कुठनं निघतो?"

"माझ्या दारातनं."

"अन् दिवेलागणीला?"

"दारातच येतो की."

"मग तिथंबी शून्यच. राहू द्या माझ्याकडं. माझ्या शून्यातनं तेल तरी गळतं."

इनामदार घरनं आला होता, तसाच घरी गेला. म्हणजे त्याचाबी वेग शून्यच म्हणा.