बांधाच्या आतली ओल

फार फार पूर्वी एका खाडीच्या काठी सात वाड्या होत्या, आणि सातांना मिळून एकच बांध होता. बांध साधा, मातीचा. त्याच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. भरतीला खाडीचं पाणी खाचरांपेक्षा वर चढायचं आणि त्याला अडवायला काय, तर ही माती. एकदा का खारं पाणी शेतात शिरलं की तीन वर्षं तिथे भाताचं पातं उगवत नाही. म्हणून तिथली माणसं सकाळी उठून देवाच्या आधी बांधाला हात जोडायची, आणि देवालाही त्यात काही वावगं वाटत नसावं.

बांधाला एक लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणायचे. ओहोटीला ती उघडायची, शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती लागायच्या आत बंद करायची. हे काम एका बाईकडे होतं. आधी तिचा नवरा करायचा. तो तापाने गेला त्या दिवशी भरती काही यायची थांबली नाही, म्हणून ही रडता रडता उठली आणि दार लावून आली. त्याला चौदा वर्षं झाली होती. तिचं नाव काय हे लोक विसरूनही गेले होते. सगळे तिला उघाडीवालीच म्हणायचे.

बांधाचा एक प्रमुख असायचा. माती कुठे घालायची, कुठल्या वाडीने किती माणसं द्यायची, हे सगळं त्याच्या शब्दावर. दर बारा वर्षांनी, किंवा मधेच प्रमुख वारला तर, वैशाखात नवा प्रमुख निवडत. प्रत्येक वाडीचा वडीलधारा एक शिंपला घेऊन यायचा आणि ज्याला निवडायचं त्याच्या मडक्यात टाकायचा. सात वाड्या, सात शिंपले. मग निवडून आलेला प्रमुख बांधावर बसायचा आणि सातही वडीलधारे डोक्यावरचं पागोटं उतरवून त्याच्या पायाशी ठेवायचे. अशी रीत होती आणि आजवर कोणाला त्यात अडचण आली नव्हती.

अडचण आली ती त्या वर्षी. म्हातारा प्रमुख वारला आणि जागेसाठी दोन नावं पुढे आली. एक तांडेल, म्हणजे मोठ्या होडीवरचा म्होरक्या. अंगाने धिप्पाड, मनाने मोकळा, आवाज असा की या काठावरून त्या काठावर ऐकू जावा. दुसरी उघाडीवाली.

झालं. सात वाड्यांत दुसरा विषय उरला नाही. तीन वाड्यांचे वडीलधारे म्हणाले, "बाईमाणूस बांधावर हुकूम सोडणार? आणि आम्ही तिच्या पायाशी पागोटी ठेवायची? उद्या खाडीपलीकडचे हसतील." दुसऱ्या तीन वाड्यांचे म्हणाले, "आजवर पुरुषच झाले. आता बाईलाच करायचं. बाईचं पाऊल शुभ असतं." दोन्हीकडची तोंडं थकेनात.

सातवी वाडी सगळ्यात सखल जागी होती. तिचा वडीलधारा धाकूबाबा. तीनास तीन झाल्यावर निवड आली त्याच्या एका शिंपल्यावर. धाकूबाबा काही वाईट माणूस नव्हता. त्याने दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "सगळं बोलले, पण बांधाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही."

म्हातारी चुलीशी बसली होती. ती म्हणाली, "मग तुम्ही काढा की. बांध फुटला तर पहिलं पाणी आपल्याच दारात येणार आहे."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला धाकूबाबाने तांडेलाला बरोबर घेतलं. "चल, मला बांध दाखव." तांडेल बांधाच्या माथ्यावरून ताडताड चालला. नजर खाडीवर. मध्येच थांबून तो म्हणाला, "बाबा, मागच्या उधाणात पाणी इथवर आलं होतं. बांध हातभर उंच केला पाहिजे. मी करून दाखवतो." तो मनापासून बोलत होता. धाकूबाबाला बरं वाटलं.

मग त्याने उघाडीवालीला बोलावलं. ती माथ्यावर चढलीच नाही. ती बांधाच्या आतल्या अंगाने, पायथ्यापायथ्याने निघाली. पायात काही नाही, नजर खाली. वैशाखातली जमीन, भेगा पडलेल्या, तापलेल्या. सातव्या वाडीच्या समोर येताच ती थांबली.

"बाबा, वहाणा काढा आणि इथे पाय ठेवा."

धाकूबाबाने पाय ठेवला. तळव्याला गार लागलं.

"भर वैशाखात ओल," उघाडीवाली म्हणाली. "खेकड्यांनी आरपार बिळं केलीत. पाणी वरून यायची वाट बघणार नाही, बाबा. ते खालून येतंच आहे. इथली माती पायथ्यापासून उकरून नवी ठोकून बसवली पाहिजे. बांध उंच करून वर ओझं टाकलंत तर लवकर खचेल."

घरी येताना धाकूबाबा आपला तळवा पुन्हा पुन्हा जमिनीला घासत होता. कोण बांध ओळखतं हे त्याला कळलं होतं. खोटं कशाला सांगू, त्याला चांगलं कळलं होतं.

पण निवडीचा दिवस उजाडला आणि माणसं जमली. पारावर दोन मडकी मांडलेली. तीन शिंपले इकडे पडले, तीन तिकडे. धाकूबाबा उठला तेव्हा शेजारचा वडीलधारा नुसता खाकरला आणि हळूच म्हणाला, "धाकूबाबा, तुमच्या घराण्यात कोणी बाईपुढे पागोटं उतरवलं नाही हो आजवर. बघा बुवा."

एवढंच. धमकी नाही, शिवी नाही. धाकूबाबाचा हात आपोआप पागोट्याकडे गेला. आणि दुसऱ्या हाताने त्याने शिंपला तांडेलाच्या मडक्यात टाकला.

उघाडीवालीने ते पाहिलं. भरतीची वेळ होत आली होती, म्हणून ती उठून उघाडी लावायला गेली.

त्या दिवशी म्हातारीने विचारलं, "कोणाला दिलात शिंपला?" धाकूबाबाने जेवणाचं ताट पुढे ओढलं. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला उत्तर मिळालं होतं.

चार दिवसांनी उघाडीवाली तांडेलाकडे गेली. धाकूबाबा तिथेच बसला होता. ती म्हणाली, "भाऊ, सातव्या वाडीसमोर पायथ्याला ओल आहे. आधी ती जागा उकरून घ्या."

तांडेल हसला, पण वाईट मनाने नाही. "वहिनी, बांध हातभर उंच झाला की पाणी येणार कुठून? तुम्ही उघाडी बघा, बांधाचं मी बघतो."

तिने धाकूबाबाकडे पाहिलं. त्याचा पाय त्या ओलीवर पडलेला होता. तो एक शब्द बोलला असता तर तांडेलाने ऐकलं असतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, "एवढं ठाऊक होतं तर शिंपला कुठे टाकलात?" धाकूबाबा मान खाली घालून सुपारी कातरत राहिला.

तांडेल कामाला मात्र वाघ. पावसाच्या आत त्याने सगळा बांध हातभर उंच केला. लोकांनी पाहिलं आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात पुरुषाचं काम."

भाद्रपदातली अमावास्या आली. भाताच्या लोंब्यांत दाणा भरत होता. भर दुपारी मोठं उधाण चढलं. पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत पोचलंही नाही. सातव्या वाडीसमोर पायथ्यातून आधी बोटभर धार आली, मग मनगटाएवढी, आणि मग वरची सगळी नवी माती धाडकन खाली बसली. बांधाला खांड पडली, भलं मोठं भगदाडच, आणि खारं पाणी धाकूबाबाच्या वाडीच्या शेतांत शिरलं.

तांडेल सगळ्यात आधी पाण्यात उतरला. जिवावर उदार होऊन तो अंगाने पाणी अडवू बघत होता. पण अंगाने कधी पाणी अडलंय? तेव्हा उघाडीवाली आली. तिने एकदा खांडीकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि म्हणाली, "आता कोणी मधे उतरू नका. ओहोटी लागू दे. तोवर तिवराच्या फांद्या तोडा, पेंढा आणा, मोळ्या बांधा. पुढच्या भरतीच्या आत खांड बुजली तर सहा वाड्या वाचतील."

या वेळी ती बाई आहे की पुरुष, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. तांडेलही तिच्या शब्दासरशी धावला. बायका पेंढा वाहत होत्या, पुरुष फांद्या तोडत होते, आणि उघाडीवाली गुडघाभर चिखलात उभी राहून मोळी कुठे बसवायची ते दाखवत होती. दिवस मावळतीला आला. खांड बुजत आली होती, दोन मोठ्या मोळ्या बसवायच्या राहिल्या होत्या आणि दोर संपले.

"बांधायला काहीतरी द्या," ती म्हणाली. "काहीही. लांब असलं म्हणजे झालं."

लोक इकडेतिकडे बघू लागले. धाकूबाबा पुढे आला. त्याने डोक्यावरचं पागोटं काढलं, त्याचे फेर सोडले आणि आपल्या हाताने दोन्ही मोळ्या करकचून बांधल्या. ते पागोटं त्याच्या आज्याच्या हातचं होतं. मोळ्या खांडीत गेल्या, त्यांवर माती पडली, माती ठोकली गेली. पुढची भरती आली आणि बांधाला धडकून परत गेली.

सहा वाड्या वाचल्या. सातवीचं भात जागच्या जागी करपलं. तीन वर्षांसाठी ती जमीन गेली.

चौथ्या दिवशी सगळे पारावर जमले. तांडेल उभा राहिला आणि म्हणाला, "मी बांध वरून पाहिला, खालून नाही पाहिला. मला वहिनींनी सांगितलं होतं. दुसरा प्रमुख निवडा." एवढं बोलून तो खाली बसला.

मग उघड्या डोक्याने धाकूबाबा उभा राहिला. "तांडेलाला कोणी बोल लावू नका," तो म्हणाला. "त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. ती ओल मी या पायाने पाहिली होती. तरी मी शिंपला तिला दिला नाही. का, तर ती बाई आहे. माझ्या वाडीची पोरं तीन वर्षं दुसऱ्याच्या दारचं खातील ती माझ्या पागोट्यापायी." आणि तो म्हातारा सगळ्यांसमोर रडला.

मग जे आधी 'बाई नको' म्हणत होते त्यांतलाच एकजण म्हणाला, "ठरलं तर. आता बाईच हवी. आणि यापुढे दर वेळी बाईच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. उघाडीवाली मात्र उठून उभी राहिली.

"मला नको म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं," ती म्हणाली. "पण आज हवी म्हणताय त्याचीही मला भीती वाटते. माझ्या हातून उद्या चूक झाली तर म्हणाल, बघा, बाई होती. तांडेलभाऊंची चूक झाली, तेव्हा कोणी म्हणालं का, पुरुष होता म्हणून?"



"ज्याला प्रमुख व्हायचंय त्याने अनवाणी बांधाच्या पायथ्याने चालावं," ती पुढे म्हणाली. "सात वाड्यांचे वडीलधारेही वहाणा काढून मागून चालतील. कोणाला काय दिसलं, कोण त्यावर काय करणार, ते ऐका. मग शिंपला टाका. माझ्यासाठीही हेच."

तसंच झालं. तिघेजण चालले. एकाला काहीच दिसलं नाही. तांडेलाने एक कच्ची जागा बरोबर दाखवली आणि लोकांना बरं वाटलं. उघाडीवालीने पाच दाखवल्या, त्यांतली एक तिच्याच उघाडीच्या खाली होती. तीही तिने लपवली नाही. सातही शिंपले तिच्या मडक्यात पडले.

मग रीत आली. ती बांधावर बसली. सहा वडीलधाऱ्यांनी एकेक करून पागोटं उतरवून तिच्या पायाशी ठेवलं. शेवटी धाकूबाबा आला. त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. तो चाचपडला, आणि मग डोकंच टेकवायला वाकला.

तिने त्याला वरच्या वर धरलं. "बाबा, तुमचं पागोटं सगळ्यांच्या आधी ठेवून झालंय," ती म्हणाली. "जिथे ठेवायचं तिथेच आहे ते. खांडीत."

तीन पावसाळे सहा वाड्यांनी सातवीला भात पुरवलं. चौथ्या वर्षी धाकूबाबाच्या खाचरात पहिली हिरवी रोपं उभी राहिली, आणि ती बघायला तो रोज अनवाणीच जायचा. उघाडीवालीने बारा वर्षं बांध राखला. तिच्यानंतरचा प्रमुख पुरुष होता की बाई, हे आता कोणाला सांगता येत नाही, कारण त्या वेळी तशी नोंद ठेवावी असं कोणाला वाटलंच नाही. बांध मात्र शाबूत होता.

तात्पर्य: पुढारी निवडताना तो पुरुष की बाई हे पाहू नये, त्याला आपल्या बांधाची ओल कळते का ते पाहावं; आणि जो हे कळूनही लोकलाजेपायी गप्प बसतो, पाणी आधी त्याच्याच दारात येतं.